परवान्याचं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल घेताय? कंपनी ठरवण्याआधी या चुका टाळा

"परवाना आला, आता कुठल्या कंपनीचं घेऊ?" वर्षातून आठ-दहा वेळा तरी हा फोन येतो. समोरचा माणूस बहुधा व्यापारी, पंपवाला किंवा सराफ असतो. परवान्यासाठी त्याने दीड-दोन वर्षं हेलपाटे घातलेले असतात आणि आता त्याला चार दिवसांत हत्यार कमरेला हवं असतं. घाई होते ती इथेच. माझ्याकडे अठरा वर्षांपासून परवाना आहे. आंब्या-काजूच्या हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री घाट उतरायची वेळ यायची, म्हणून वडिलांच्या मागे लागून मी तो काढला. त्या काळात मी केलेल्या चुका आणि इतरांच्या पाहिलेल्या चुका इथे सांगतो.

अमेरिकेचे व्हिडिओ पाहून मन बनवणं

फोनवरच्या दहापैकी सहा जणांनी आधीच ठरवलेलं असतं: ग्लॉक १९ किंवा सिग सॉअर पी ३६५. दोन्ही उत्तम पिस्तुलं आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती ९ मिमीची आहेत, आणि आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचा व्यास) आहे. सर्वसामान्य परवान्यावर तो मिळत नाही. .३८ आणि .४५५ (हे बोअर इंचांत) यांचीही तीच गत. शिवाय खासगी माणसाला परदेशातून हत्यार मागवण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे 'ग्लॉक बरं की सिग' ही तुलना टेक्सासात राहणाऱ्या तुमच्या भाच्याच्या कामाची आहे. तुमच्या-माझ्यासाठी हिशेब सुरू होतो तो .३२ आणि .२२ पासून.

ताकदीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ९ मिमीच्या गोळीत .३२ च्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. ही उणीव कंपनी बदलून भरून निघत नाही. नेम आणि सराव यांनीच जी काय भरेल ती भरेल.

'.३२ म्हणजे .३२' असं समजणं

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ती थेट हाताच्या बोटांवर येते.

रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस आणि पिस्तुलाचं .३२ काडतूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही एकदा तळहातावर शेजारी-शेजारी ठेवून बघा. रिव्हॉल्व्हरचं, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, उंच असतं. त्याची पुंगळी (धातूचं कवच) सुमारे २३ मिमीची आणि बुडाला रुंद कड असते, नखाने सहज चाचपता येईल अशी. पिस्तुलाचं, म्हणजे .३२ एसीपी, बुटकं असतं, पुंगळी सुमारे १७ मिमीची. त्याची कड इतकी बारीक की नख जेमतेम अडकतं. गोळीची जाडी मात्र दोघांची जवळजवळ सारखीच, त्यामुळे पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये (काडतुसं भरायच्या फिरत्या भागात) बसतंसुद्धा. बसलं म्हणून ते चालवायचं नसतं. एसीपीचा कमाल दाब चौरस इंचाला सुमारे २०,५०० पौंड, तर स्मिथ अँड वेसन लाँगचा १५,००० पौंड. जुन्या, मधोमध मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी एवढा जादा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.

ओळखीच्या एका गृहस्थांनी दुकानात फक्त "बत्तीसची पन्नास द्या" म्हटलं आणि घाईत डबा उचलला. नेमबाजीच्या रेंजवर मी तो उघडून पाहिला तर काडतुसं पिस्तुलाची, आणि त्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर. त्यांनी त्यातली दोन आधीच सिलिंडरमध्ये बसवली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, डबा दुकानातच उघडा, एक काडतूस हातात घ्या, पुंगळीचं बूड वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच काडतुसांच्या बुडावर के-एफ ही अक्षरं दिसतात, म्हणजे माल पुण्याच्या खडकी कारखान्यातला. पण ही अक्षरं दोन्ही प्रकारांवर असतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

नावावरून किंमत, किमतीवरून दर्जा ठरवणं

बाजारात नवं काय मिळतं ते आधी पाहू. सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर कानपूरचं. लोक त्याला अजून 'ऑर्डनन्स'चंच म्हणतात, पण ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडीत निघालं आणि कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे हे काम आलं. त्याच घरातलं 'निर्भीक' २०१४ सालचं, महिलांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं, साधारण अर्धा किलोचं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरचं 'निडर' .२२ मध्ये, जेमतेम पाव किलो. पिस्तूल हवं असेल तर .३२ मध्ये 'अशनी'. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ': काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, आणि मुख्य म्हणजे सिलिंडर बाजूला उघडतो.

याशिवाय वेब्ली अँड स्कॉट. नाव इंग्लंडचं, माल उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातला. या नावासाठी जास्त पैसे मोजण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. कानपूरचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्या मार्क ४ वरूनच बेतलेलं आहे. रचना दोघांचीही एकाच घराण्यातली: कडी दाबली की नळी पुढे झुकते आणि पुंगळ्या आपोआप वर येतात. तेव्हा फरक शोधायचा तो घडणीत. चाप किती गुळगुळीत चालतो, कडी किती घट्ट बसते, घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) चढवल्यावर सिलिंडर डुगडुगतो का, हे बघा. दुकानदाराकडे एकाच मॉडेलची दोन हत्यारं असतील तर दोन्ही मागा. एकाच कारखान्याच्या दोन नगांमध्ये मी चांगलाच फरक अनुभवला आहे.

वडिलोपार्जित किंवा जुन्या आयात मालाचं आकर्षण फार असतं. जुनं वॉल्थर पिस्तूल लाखांच्या भाषेत विकलं जातं. दिसतं देखणं, मान्य. पण त्याची स्प्रिंग तुटली किंवा मॅगझिनचे (काडतुसांच्या डबीचे) ओठ वाकले तर नवा भाग आणणार कुठून? हौसेसाठी घ्यायचं असेल तर घ्या. ज्याच्या भरवशावर रात्रीचा रस्ता कापायचा आहे ते हत्यार असं असावं, ज्याचा सुटा भाग आणि काडतूस दोन्ही या देशात मिळतात. जुनं घेताना नळीत उजेड धरून आतल्या सऱ्या (पिळदार खाचा) बघा, खड्डे दिसले तर सोडून द्या. हत्यारावरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्याशी अक्षरन् अक्षर जुळवा, आणि दोन्ही परवान्यांवर यूआयएन (प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा ओळख क्रमांक) असल्याची खात्री करा.

हलकं म्हणजे सोपं, हा गैरसमज

"मिसेससाठी घ्यायचंय, हलकं दाखवा." हे वाक्य दुकानात सारखं ऐकू येतं, आणि त्या मिसेस बहुतेक वेळा दुकानात नसतात. हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त जाणवतो. त्यात डबल अॅक्शन (एकाच ओढीत घोडा चढवून सोडणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. बोटांची ताकद कमी असेल तर चाप ओढता ओढता नळी खाली झुकते आणि पाच मीटरवरचा नेमसुद्धा चुकतो. ज्याच्या नावाने परवाना, त्याच्या हातात ते धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का, मूठ न बदलता दहा वेळा चाप ओढता येतो का, एवढं बघितलं तरी निम्मी चूक टळते. मूठ मोठी पडत असेल तर नाव कितीही मोठं असू दे, ते तुमच्यासाठी नाही.

बार उडाला नाही की भांबावणं

प्रत्यक्षात अडचण आली की काय करायचं हे फार थोड्यांना माहीत असतं.

चाप ओढला, टक् असा आवाज आला, बार नाही. रेंजवर असाल तर नळी निशाण्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा, कारण बार उशिरा उडण्याची शक्यता असते. मग काडतूस काढून त्याच्या बुडाची टोपी बघा, जिच्यावर घोड्याचा मार बसतो. टोपीवर खोल खळगा असेल तर काडतूस जुनं किंवा ओल धरलेलं. खळगा नुसताच टेकल्यासारखा असेल तर दोष घोड्याच्या स्प्रिंगमध्ये, किंवा आतल्या घट्ट झालेल्या तेलात. अशा वेळी परवानाधारक कारागिराकडेच जा. लेथवाल्याकडून स्प्रिंग कापून घेणं, नळी किंवा सिलिंडर घासून घेणं हा खेळ नाही. विनापरवाना केलेला फेरफार शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतो.

दुसरी अडचण जास्त घातक. बार उडतो, पण फुसका, फटाका ओला असावा तसा. लगेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळला तर नळी फुटते. हत्यार रिकामं करून नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पिस्तूल वारंवार अडकत असेल तर लोक कंपनीला नावं ठेवतात. मी आधी मनगट बघतो. मनगट ढिलं असलं की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुरती मागे जात नाही आणि पुंगळी मधेच दाताखाली धरल्यासारखी अडकते. मनगट ठीक असेल तर मॅगझिन बघा: नीट बसलं होतं का, ओठ वाकलेत का. रिव्हॉल्व्हरची जमेची बाजू ही की एक काडतूस फसलं तरी पुन्हा चाप ओढला की सिलिंडरमधलं पुढचं घर (काडतुसाची जागा) समोर येतं. वर्षातून दोनदाच सरावाला जाणाऱ्या माणसाला म्हणून मी रिव्हॉल्व्हरच सुचवतो. पिस्तूल हे सरावाचं हत्यार आहे.

कपाट, कंबर आणि विमानतळ

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला मुंबईत राहत्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. इतक्या जाणत्या माणसाच्या घरात हे होऊ शकतं, तर आपल्या घरातही होऊ शकतं. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. घरी आल्यावर हत्यार रिकामं करून कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. हत्यार हातातून निसटलं तर हवेत झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलताना बोट नेमकं चापावर जातं. घरात लहान मूल असेल, कुणी खचलेल्या मनःस्थितीत असेल, किंवा दारूची सवय असेल, तर ते दिवस हत्यार परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात रीतसर जमा करून काढा. यात कमीपणा काहीच नाही.

कमरेला लावायचं तर चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, शर्टाच्या आत. पिशवीत चाव्यांसोबत किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये मोकळं टाकू नका. हॉटेलात टेबलावर ठेवणं, वरातीत हवेत बार काढणं यातून परवाना तर जाईलच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आली, तेही लक्षात असू द्या. परवान्याची हद्द वाचा. महाराष्ट्रापुरता असेल तर बेळगावच्या लग्नाला हत्यार नेता येत नाही. आणि रेंजवर नेलेली बॅग विमान प्रवासाला वापरूच नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडलं की प्रकरण थेट पोलिसांत जातं.

आमच्या कोकणातला आणखी एक घोळ. शेतीसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना वेगळा. तो असला म्हणून त्यावर रिव्हॉल्व्हर घेता येत नाही.

स्वसंरक्षण म्हणजे मोकळीक नव्हे

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ एकदा मराठीतून वाचून घ्या. बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं आहे, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर झाडलेली गोळी बचावात बसवणं फार अवघड. बार झालाच तर जखमीसाठी आणि पोलिसांसाठी ११२ ला फोन, हत्याराला हात न लावता ते तसंच ठेवणं, आणि वकील. पुंगळ्या गोळा करत बसू नका.

पावसाळा

कातडी होल्स्टर फिरण्यासाठी असतं, साठवणीसाठी नाही. माझ्या पहिल्या वर्षी जूनच्या अखेरीस मी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्येच कपाटात ठेवलं. गणपतीच्या आधी काढलं तर नळीवर पट्ट्याच्या आकाराचा तांबूस गंज, टाके जिथे टेकत होते तिथे टिंबं टिंबं. चार काडतुसांना हिरवट बुरशी धरली होती. ती डाग पडलेली नळी आजही माझ्याकडे आहे. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात हत्यार रिकामं करतो, नळीतून कोरडा फडका फिरवतो, मग तेलाचा अगदी पुसट हात. सिलिंडरच्या घरांमध्ये आणि काडतुसांवर तेल अजिबात नाही, कारण ते टोपीत शिरून काडतूस मारतं. सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवतो, आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघतो. मागच्या वर्षीची काडतुसं आधी सरावाला वापरतो, नवी कमरेला.