जुन्या शेवरलेमध्ये नवं इंजिन? आधी ‘सेट’ बघा

शेवरलेचे ट्रक 1954 पर्यंत मुंबईत जुळवले जात. त्यातला एखादा बडोद्यात तुमच्या दारात उभा असेल आणि त्यात नवं एलएस व्ही-8 (जनरल मोटर्सचं आठ सिलिंडरचं इंजिन) बसवायचं मनात असेल, तर सुटं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. इंजिन, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग आणि एक्सलेटरचं पेडल एकाच गाडीतलं घ्या. क्रँकवरची सेन्सरची चकती जुन्या एलएसमध्ये 24एक्स जातीची, नंतरच्यांत 58एक्स जातीची असते. ईसीयू दुसऱ्या जातीचा निघाला तर इंजिन नुसतं फिरत राहतं, चालू होत नाही. मग मेकॅनिक उगाच पेट्रोलचा पंप बदलत बसतो.

पंप तसाही बदलावा लागतोच. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब पाच-सात पीएसआय पुरतो. या इंजेक्शनवाल्या इंजिनला साधारण 58 लागतो. टाकीतला इलेक्ट्रिक पंप आणि इंजेक्शनसाठीचाच होज घ्या. साधी रबरी नळी चालवू नका, पेट्रोलशी खेळ नको.

चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) घेण्याआधी चेसीच्या आडव्या पट्टीपासून इंजिनपर्यंतचं अंतर मोजा. चेंबरचा खोल भाग पट्टीवर आदळायला नको. इंजिन माउंटच्या पट्ट्या बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कुणीही लेथवाला करून देईल. या ट्रकची वायरिंग 6 व्होल्टची, ती 12 वर न्यावीच लागेल.

आणि हो, आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. ती मिळेपर्यंत सुट्या भागांवर पैसे घालू नका.