सापाच्या पिल्लाचा टब गरम करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मराठी घरात मुलं कुत्रं मागता मागता कधीकधी बॉल पायथन या लहान अजगरावर येऊन अडतात. इंग्लंडात त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. पिल्लू दीडेक वीत लांब, वजन साठेक ग्रॅम. आईवडील हौसेनं काचेची मोठी पेटी आणतात आणि पिल्लू महिनाभर खायला तोंडही उघडत नाही. पश्चिम आफ्रिकेत हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून राहतो, त्यामुळे उघडीवाघडी पेटी त्याला घाबरवते. पिल्लासाठी झाकणाचा साधा प्लास्टिक टब बरा. फक्त तो गरम करताना लोक जिथे चुकतात, ते बहुतेक वेळा एकाच जागी: तापमान मोजायचं कुठे.

थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट

हीट मॅट म्हणजे टबाखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, आणि थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेलं तापमान आलं की तिची वीज आवरणारं उपकरण. मॅट थेट भिंतीतल्या प्लगला लावली की ती तापतच राहते आणि पृष्ठभाग सहज 45 अंश सेल्सियसच्या पुढे जातो. चटका बसला की साप आपणहून सरकेल, या भरवशावर राहू नका. पोट भाजेपर्यंत साप तिथेच बसून राहिल्याची उदाहरणं व्हेटकडे नेहमी येतात. पोटाचे खवले गुलाबी किंवा तपकिरी पडले, फोड आले, तर तो भाजल्याचाच प्रकार समजा. डिमर म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे. डिमर वीज कमी करतो, पण दुपारी खोली तापली की मॅटही तेवढीच वर चढते.

प्रोब चुकीच्या जागी

ही चूक थर्मोस्टॅट घेतलेले लोकही करतात. प्रोब म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरीच्या टोकाचा, तापमान मोजणारा भाग. तो टबाच्या आत सैल सोडला, तर पिल्लू रात्री तो ढकलून गार बाजूला नेतं. तिथे प्रोब 25 अंश वाचतो, थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार आहे, आणि मॅट रात्रभर पूर्ण ताकदीनं चालते. प्रोबवर पाणी सांडलं तरी आकडा फसवा येतो. म्हणून प्रोब बाहेरून, मॅट आणि टबाचा तळ यांच्यामध्ये पक्का बसवा. आत वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा, तोही तळावर, जिथे सापाचं पोट टेकतं तिथे. आत 31 ते 33 अंश मिळवायला थर्मोस्टॅटवर कदाचित 35 किंवा 36 लावावे लागतील. तो आकडा बघून दचकू नका, आतला आकडा खरा. एकेक अंश बदला, काही तास थांबा, पुन्हा मोजा. पिल्लू आणण्याआधी दोन दिवस टब असाच रिकामा चालवून बघावा.

अंथरुण जाड घातलं तर वरचा थर कोमट आणि खालचं प्लास्टिक कढत, असं होतं. पिल्लू उकरत खाली जातंच. मोजायचं ते उघड्या प्लास्टिकवर. सुरुवातीला किचन पेपर सगळ्यात सोयीचा. देवदार किंवा पाईनचा भुसा नको, त्याचा उग्र वास श्वसनाला त्रास देतो. भिंतीला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर दुकानात ढिगानं मिळतात. ते भिंतीचं तापमान सांगतात, साप भिंतीवर झोपत नाही.

मॅट एका टोकाला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच. उरलेली बाजू 24 ते 27 अंश. टबाखाली हवा खेळायला थोडी फट ठेवा, गालिच्यावर दाबून ठेवू नका. वर बल्ब नको, आत तापणारा दगड नको, आणि टब खिडकीतल्या उन्हात तर नकोच.

थंडीत वेगळीच तक्रार येते: मॅट चालू आहे, तरी गार बाजू 20 वर. मॅट तळ तापवते, खोली नाही. रात्री हीटिंग 17 वर उतरवायची सवय असेल तर त्या खोलीपुरती बदला, किंवा हवेची भोकं मोकळी सोडून टबाच्या तीन बाजूंना थर्मोकोल लावा.

बाकीचं थोडक्यात

हवेची भोकं दोन्ही लांब बाजूंना, सोल्डरिंग आयर्ननं, पिल्लू यायच्या आधी पाडा आणि कडा घासून घ्या. भिंतींवर सतत पाण्याचे थेंब दिसले तर भोकं कमी आहेत. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर आत कोरडं आहे. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर हवी. लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, अंग कडांना टेकेल इतक्या अरुंद. झाकणाचे खटके दर वेळी तपासा. आणि भारतातून आजी आल्या असतील तर वाटीत दूध ठेवू देऊ नका. साप पाणी पितो.

पिल्लू खात नसेल तर आधी आठवडाभर त्याला हात लावू नका. मग तापमान पुन्हा मोजा, फ्रीझरमधलं गोठवलेलं भक्ष्य, म्हणजे उंदीर, पूर्ण वितळवून 38 अंशांच्या आसपास कोमट करून द्या. मायक्रोवेव्ह नाही. खाल्लेलं ओकलं तर बहुधा टब गार होता किंवा जेवणानंतर 48 तासांच्या आत कोणीतरी उचललं होतं. पुढचं जेवण किमान दहा दिवसांनी, आणि लहान.

हे वाचून पुण्या-नाशकात कोणी धामणीचं पिल्लू टबात ठेवायच्या विचारात असेल, तर तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. सर्पमित्राला किंवा वन विभागाला कळवा. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर भारतात त्याचीही नोंदणी करावी लागते.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, किंवा वजन सलग घटणं, यांवर घरगुती उपाय नाही. सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा आणि जाताना टबाचा फोटो व दोन्ही बाजूंची तापमानं लिहून न्या. तो तेच पहिल्यांदा विचारेल.