‘रिव्हर्ट मारा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नव्या पोरांना कमांड हवी असते. कुठून तरी कॉपी करायची, चालवायची आणि चहाला जायचं. पण रिव्हर्ट, म्हणजे केलेला बदल मागे घेणं, हा प्रकार कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रत्येक साधनात वेगळा असतो, हे वाचायला कुणाला वेळ नाही.

सबव्हर्जनमध्ये रिव्हर्ट केलं की कमिट न केलेले, म्हणजे इतिहासात अजून न नोंदलेले, तुमचे बदल जातात आणि फाइल पूर्वीसारखी होते. मर्क्युरियलही फाइलच जुन्या रूपात आणतं, फक्त आधी .ऑरिग नावाने एक प्रत ठेवतं. गिट यातलं काहीच करत नाही. ते जुन्या कमिटच्या बरोबर उलटा नवा कमिट वर चढवतं. म्हणजे इतिहासात चूकही राहते आणि ती निस्तरल्याची नोंदही. सबव्हर्जनवर वाढलेला माणूस ‘माझ्या फाइलमधली खाडाखोड काढू’ म्हणून गिटमध्ये रिव्हर्ट मारतो आणि भलतंच, आधी कमिट झालेलं धड काम उलटवायला निघतो. त्याला हवं असतं ‘गिट रिस्टोर’. 2019 मधल्या 2.23 आवृत्तीपासून ते आहे, तरी लोक अजून जुन्या चेकआउट कमांडशी झटत बसतात.

माझा खरा राग आहे तो मर्जच्या (एका ब्रांचचं, म्हणजे वेगळ्या शाखेचं, काम दुसरीत मिसळण्याच्या) रिव्हर्टवर. एका टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी मोठं फीचर मेन या मुख्य ब्रांचमध्ये मर्ज झालं आणि पेमेंटचं पान बंद पडलं. एकाने ‘-एम 1’ (मेनची बाजू मूळ धर) लावून मर्ज कमिट रिव्हर्ट केला. इथवर उत्तम. सोमवारी फीचर ब्रांचवर दोन दुरुस्त्या करून त्याच ब्रांचचं पुन्हा मर्ज. आले फक्त ते दोन कमिट. बाकीचं फीचर गायब! गिटच्या लेखी ते कमिट मेनच्या इतिहासात आधीच आहेत, मग पुन्हा का आणायचे? पोरांनी काय करावं? जुन्या फोल्डरमधून फाइली हाताने चिकटवल्या. त्यात मधल्या काळात इतरांनी मेनवर केलेली दुरुस्तीही पुसली गेली. ते निस्तरण्यात बुधवार उजाडला.

उपाय एका ओळीचा होता : आधी त्या रिव्हर्ट कमिटलाच रिव्हर्ट करा, मग ब्रांच मर्ज करा. मी रिव्हर्टच्या कमिट मेसेजमध्येच ‘पुन्हा मर्ज करण्याआधी हा कमिट उलटवा’ असं लिहून ठेवतो. गिट आपणहून देतं तो मेसेज तसाच सोडणारे लोक मला आळशी वाटतात.

सगळ्यांच्या ब्रांचवर ‘रिसेट --हार्ड’ (ब्रांच जुन्या कमिटवर नेऊन पुढचं टाकून देणं) आणि वर फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणं)? नको. स्वतःच्या ब्रांचवर खुशाल करा, पण आधी ‘गिट स्टेटस’ बघा. कमिट झालेलं काम नेहमीच्या सेटिंगमध्ये निदान 30 दिवस रेफलॉगमधून, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या गिटच्या नोंदवहीतून, परत मिळतं. कमिटही नाही आणि ‘गिट ॲड’ही नाही, ते गेलंच.

परदेशी क्लायंटला ‘प्लीज रिव्हर्ट’ असं मेल करू नका. आपल्याला उत्तर हवं असतं, तिकडचा डेव्हलपर रिलीज मागे घ्यायला बसतो. ‘प्लीज रिप्लाय’ लिहायला काय जातं?

आणि कोड रिव्हर्ट झाला म्हणून डेटाबेस मागे जात नाही. मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) टाकलेला कॉलम तिथेच राहतो, उडवलेला कॉलम परत येत नाही. त्याची डाउन, म्हणजे तो बदल उलटवणारी, स्क्रिप्ट नसेल तर मी मर्जला मंजुरीच देत नाही, मग कुणी कितीही घाई करो.