शिडाच्या गलबतांवर पुस्तकं काढणारं छोटं प्रकाशन कसं चालवावं

मंगळुरी कौलं, मीठ, लाकूड वाहणारी शिडाची गलबतं कोकणच्या बंदरांतून इंजिनं आली तशी हटत गेली. ती चालवणारे तांडेल आणि बांधणारे सुतार आता थोडेच उरलेत. मराठीत आरमारावर आणि जलदुर्गांवर भरपूर लिहिलं जातं, पण वारा फिरला की शीड कसं फिरवायचं, फळीला फळी कशी बसवायची, यावर फारच थोडं. हे काम दोन-तीन माणसांचं प्रकाशनही करू शकतं. वाचक मिळतील का, ही शंका येईल. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेली, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवलेली ‘कौंडिण्य’ नौका गोव्यात बांधली गेली आणि २०२५ मध्ये नौदलात आली, तेव्हा लोकांनी किती आवडीनं वाचलं ते आठवा.

१. आधी माणसं गाठा

अशा पुस्तकाचं हस्तलिखित टपालानं येत नाही. ज्याला सगळं ठाऊक असतं तो सहसा लिहिणारा नसतो, आणि लिहिणाऱ्यानं शिडाची दोरी हातात धरलेली नसते. म्हणून ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि बंदरावर माणसं निवांत भेटतात. नारळी पौर्णिमेनंतर कुणाला वेळ नसतो.

बोलणं गलबताजवळच करा, निदान त्याच्या लाकडी प्रतिकृतीसमोर. घरात खुर्चीवर बसलेला तांडेल आठवणी सांगतो; डोलकाठीला हात लावून उभा असला की काम सांगतो. ‘मतलई वारा सुटला की पहिलं काय करायचं?’ असे नेमके प्रश्न विचारा. हात, वाव, तसू ही मापं तशीच लिहून घ्या आणि शेजारी फूट-इंच टेपनं मोजून मांडा, कारण एका सुताराचा हात दुसऱ्यापेक्षा वेगळा भरतो. एकाच भागाला दोन बंदरांत दोन नावं असली तर दोन्ही ठेवा, कुठलं नाव कुठे चालतं तेही नोंदवा.

सांगणाऱ्याची संमती कागदावर घ्या. ज्याच्या ज्ञानावर पुस्तक उभं आहे त्याचं नाव मुखपृष्ठावर हवं आणि मानधनात त्याचा वाटा हवा, असं माझं ठाम मत आहे. ऋणनिर्देशातल्या एका ओळीत त्याची बोळवण करू नका.

२. चित्रांचे हक्क

या विषयात चित्र नसेल तर मजकूर अर्धा कळत नाही. प्रत्येक भागाचं नाव दाखवणारी रेखाचित्रं लागतातच. ती काढणाऱ्याला गलबताजवळ घेऊन जा. फोटोवरून काढलेल्या चित्रात दोरी भलत्याच कडीत अडकलेली दिसते आणि जाणकार पहिल्या पानालाच पुस्तक मिटतो. काढलेलं प्रत्येक चित्र छपाईआधी तांडेलाला किंवा सुताराला दाखवून घ्या.

जुनी चित्रं वापरायची तर हक्क तपासा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. भारतीय होड्यांचा अभ्यास करणारे जेम्स हॉर्नेल १९४९ मध्ये वारले, म्हणजे त्यांचं लेखन इथे २०१० पासून खुलं आहे. फ्रेंच नौदल अधिकारी एडमंड पारिस यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावरच्या पत्तेमारी या शिडाच्या मालवाहू जहाजाची मापं घेऊन सुंदर आराखडे काढले, तेही खुले आहेत. मात्र डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे परवानगीशिवाय छापू नका. स्वतः काढलेल्या नकाशाखालीही ‘नौकानयनासाठी वापरू नये’ असं लिहा.

३. कागदपत्रं

हा भाग सोपा आहे. एकल मालकी, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि चालू खातं एवढ्यावर काम सुरू होतं. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची ओळख ठरवणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक घ्या. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवावी लागते.

४. अक्षरजुळणी आणि छपाई

मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये ठेवा. जुन्या फॉण्टमधून रूपांतर केलं की रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, मग ‘तर्क’ आणि ‘दर्या’सारखे साधे शब्दही पुन्हा तपासत बसावे लागतात.

पानसंख्या १६ च्या पटीत बसवा, कारण छापखान्यात १६ पानांचा एक फॉर्मा धरतात. १६० पानं म्हणजे १० फॉर्मे. रंगीत छायाचित्रं एकाच फॉर्म्यात गोळा केली की खर्च बराच उतरतो. गलबताचा आराखडा दोन पानांच्या मधोमध तोडू नका. घडीचं वेगळं पान घाला, पैसे जास्त पडले तरी. बांधणी शिवणीची घ्या, कारण हे पुस्तक कामाच्या जागी उघडं ठेवून वापरलं जाणार आहे आणि नुसत्या डिंकावरची पानं सुटतात.

पहिली आवृत्ती ३०० ते ५०० प्रतींची पुरे. कोकणातल्या पावसाळ्यात दमट खोलीत गठ्ठे ठेवलेत तर बुरशी आणि वाळवी दोन्ही येतात. गठ्ठे मांडणीवर ठेवा, भिंतीपासून दूर.

५. किंमत

समजा, एका प्रतीला छपाईचे १०० रुपये पडले. किंमत ४०० ठेवलीत आणि विक्रेत्याला ४० टक्के दिलेत, तर १६० गेले. १० टक्के मानधन म्हणजे ४०. छपाई वजा जाता हाती उरतात १००, त्यातून चित्रकार, प्रवास, मुद्रितशोधन आणि पुढच्या पुस्तकाची सोय. म्हणून छपाईखर्चाच्या चौपटीखाली किंमत नको. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेतली तर छापखान्याचं बिल बरंचसं आधीच सुटतं.

६. विक्री

थेट विक्रीवर भर द्या. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा २०२५ मध्ये सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये आणि वर कर, या दरानं ती सुरू झाली. पाकिटावर सेवेचं नाव लिहायला विसरू नका. वजन ३०० ग्रॅमच्या आत बसतंय का, हे कागद ठरवतानाच पाहा.

पहिलं प्रकाशन त्याच बंदरात करा जिथे ध्वनिमुद्रण केलं, नारळी पौर्णिमेच्या आसपास. तालुक्याची वाचनालयं, सागरी शाळा, शिडाच्या बोटींचे क्लब, आखातात आणि जहाजांवर काम करणारी कोकणातली माणसं, हे तुमचे खरे ग्राहक. साहित्य संमेलनातला गाळा महाग असतो. दुसऱ्या छोट्या प्रकाशकाबरोबर वाटून घ्या.

पुस्तक बाहेर पडलं की दुरुस्त्या येऊ लागतात. कुणी दुसऱ्या बंदरातला तांडेल फोन करून सांगतो, ‘आमच्याकडे ही गाठ अशी मारत नाहीत.’ त्याच्यासाठी वही ठेवा, गावाचं नाव आणि तारीख टाका, आणि शक्य तितक्या लवकर जाऊन ती गाठ पाहून या. मजकूर तसाच ठेवून प्रती वाढवल्या तर जुनाच आयएसबीएन चालतो. या वहीतलं काही आत घातलंत, तर सुधारित आवृत्तीसाठी नवा क्रमांक मागवा.