घाटातून घर नेताना: मोटरहोमचे डिझेल कसे वाचवावे

मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, पाहणारा प्रत्येक जण ‘ॲव्हरेज किती देते?’ हे विचारतोच, आणि त्याला खरे उत्तर द्यायचे असेल तर गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून न राहता आपण स्वतः मोजणी करावी. डिझेल भरताना पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथेच थांबावे, किलोमीटर टिपून ठेवावेत आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी फुल करावी. ४१२ किलोमीटरला ३८.६ लिटर लागले, तर ॲव्हरेज १०.७ आले. अशा तीन-चार टाक्यांचा हिशेब वहीत जमल्यावरच कोणत्या सवयीने किती फरक पडतो ते कळू लागते.

खर्चाचा मोठा भाग किल्ली फिरवण्याआधीच ठरलेला असतो. पलंग, कपाटे, फ्रिज, बॅटऱ्या आणि छतावरचे सोलर पॅनल यांमुळे गाडी मुळातच जड असते, आणि त्यात आपण पुण्यातून निघतानाच १०० लिटरची पाण्याची टाकी भरून घेतो, म्हणजे १०० किलो वजन गुहागरपर्यंत फुकट वाहून नेतो. वाटेपुरते वीस-पंचवीस लिटर पाणी घेऊन उरलेली टाकी मुक्कामाच्या गावी भरावी. (कोकणात जाताना घरून नारळ नेणारे लोकही मी पाहिले आहेत.) एकदा तरी सगळे सामान आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या आणि मागच्या धुरीचे (ॲक्सलचे) वजन वेगवेगळे करून घ्यावे आणि त्यांची बेरीज आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदवलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहावी, मागची धुरी किती दबलेली आहे हे बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा समजते.

टायरमधली हवा या वजनावरच अवलंबून असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा आकडा नव्हे. भरायचा दाब दरवाजाच्या चौकटीवरच्या तक्त्यात किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो आणि तो पाहून हवा कमी केली, तर थंड झाल्यावर टायर मऊ पडून गाडी ओढत राहते.

सपाट महामार्गावर मात्र सर्वाधिक डिझेल वेग खातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाताना तो सुमारे दीडपट होतो, आणि मोटरहोमचे तोंड कपाटासारखे उंच व रुंद असल्याने हा दीडपटीचा भार छोट्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक जाणवतो. पुण्याहून कोल्हापूरचे सुमारे २३० किलोमीटर सलग या दोन वेगांनी कापले असे गृहीत धरले, तरी वाचणारा वेळ पस्तीस मिनिटांचा असतो, आणि तेवढा वेळ चहाच्या एका थांब्यात सहज जातो. छतावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवावे.

खरी परीक्षा घाटात होते. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचते, ही समजूत जुन्या चालकांमध्ये इतकी पक्की बसली आहे की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. कुंभार्ली घाटातून पोफळीकडे उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये राहिल्यास पडद्यावरचा त्या क्षणाचा ॲव्हरेजचा आकडा थेट ९९.९ वर जाऊन थांबलेला दिसतो. शिवाय इंजिनच गाडी आवरून धरत असल्याने ब्रेक तापून जळका वास येण्याची वेळ येत नाही. उतारावर इंजिन बंद करण्याचा विचारही मनात आणू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

चढावर गाडी दम टाकू लागण्याची वाट न पाहता आधीच खालचा गिअर घ्यावा आणि इंजिन मिनिटाला १८०० ते २२०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावे, कारण बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांची ओढ याच पट्ट्यात चांगली असते. मागे रांग लागली तर दडपणाखाली पाय दाबण्यापेक्षा रुंद जागा पाहून बाजूला व्हावे. मात्र ती जागा सपाट असावी, नाहीतर पुन्हा निघताना हाफ क्लचवर क्लच आणि डिझेल दोन्ही जळतात.

मुक्कामी एसीसाठी इंजिन चालू ठेवले, तर तासाला साधारण एक लिटर डिझेल जाते, म्हणून दुपारची सावली पाहून गाडी लावणे हाच स्वस्त उपाय आहे. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाडीत धुराच्या फिल्टरचा दिवा लागला, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ गाडी चालवून फिल्टरची सफाई, म्हणजे त्यात साचलेली काजळी जाळण्याची क्रिया, पूर्ण होऊ द्यावी. ती मध्येच तोडली तर पुन्हा सुरू होते आणि तिच्यासाठी पुन्हा जादा डिझेल जळते.

परतीच्या वाटेवर आंब्याच्या पेट्या बहुधा मागच्या धुरीवरच येतात, तेव्हा चिपळूण सोडण्यापूर्वी थंड टायरची हवा नव्या वजनाप्रमाणे पुन्हा पाहावी आणि पाण्याची टाकी रिकामी करूनच घाट चढावा.