पोलीस येईपर्यंत पुरावा कसा जपायचा, आणि पंच झालात तर काय बघायचं

मी पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात क्रिमिनलच्या केसेस बघते. तिथं एक गोष्ट फार जिवाला लागते, पुरावा असतो हो, पण मधल्या काळात तो कुणाकडे होता, कुणी हाताळला हे धड सांगता येत नाही, आणि आरोपीला संशयाचा फायदा मिळतो.

घरफोडी झाली की आधी 112 ला फोन करा. तुटलेलं कुलूप उचलू नका, कपाट आवरू नका, शेजारच्यांना बाहेरच थांबवा. कुणी जखमी असेल तर अर्थातच आधी माणूस, फक्त काय काय हलवलं ते पोलिसांना नंतर सांगा.

रक्ताचे कपडे धुवायचे नाहीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात कोंबायचे नाहीत, ओल आत अडकते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो, त्यात पुण्याचा पावसाळा असला तर बघायलाच नको. पोलिसांना वेळ लागणार असेल तर सावलीत वाळू द्या, मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये शक्यतो अंघोळ न करता थेट हॉस्पिटल गाठा, पण अंघोळ झाली म्हणून तक्रार करायची थांबू नका, प्लीज.

आता सीसीटीव्ही, कारण सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, भरला की जुन्यावर नवीन रेकॉर्ड होत जातं, त्यामुळे आठवड्याने मीटिंग घेऊन ठरवू असं करू नका, त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवा. स्क्रीनवरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा, डीव्हीआरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तरी उलटतपासणीत त्यावरून तासभर किस पाडला जातो. ग्रुपवर फिरलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे, व्हॉट्सॲप ती कॉम्प्रेस करतं. कॉपी दिली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून निघणारा ओळखीचा कोड, लिहायची असते, फाईलमध्ये एवढासा बदल झाला तरी ती बदलते. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर केसमध्ये 2020 साली सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्यातलं 65 ब चं सर्टिफिकेट बंधनकारक असल्याचं स्पष्ट सांगितलंय, मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी.

पंच, म्हणजे झडती-जप्तीचा साक्षीदार, म्हणून बोलावलं तर घाबरू नका, पण कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. वस्तू तुमच्यासमोर पाकिटात गेली का, लाखेचं सील तुमच्यासमोर लागलं का, लेबलवर तुमची सही आहे का, पंचनाम्यात सुरू आणि संपल्याची वेळ आहे का, हे बघा. मोबाईल असेल तर आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख क्रमांक) स्वतः ताडून घ्या. झडतीचं व्हिडिओ शूटिंग आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करायचंच असतं, ते चालू आहे का हे विचारायला लाजू नका. मुद्देमाल पुढे गणेशखिंडच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये गेला की तिथं सील नमुन्याशी जुळतंय का ते आधी बघतात, म्हणून सीलचा नमुनाही तुमच्यासमोरच घेतला गेला पाहिजे.