लग्नाशिवाय जोडीदाराचा व्हिसा: फाईल पाठवण्याआधी या चुका टाळा

साताऱ्यात मी मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करून देते. भाडेकरार, घटस्फोटाचे हुकूमनामे, लाइट बिलं, जे येईल ते. ब्रिटनमध्ये कायमचा स्थायिक झालेला जोडीदार आणि इथे लग्न न झालेली मुलगी किंवा मुलगा, अशा फायलीही येतात. येतात त्या अगदी शेवटी, अर्जाला आठवडा उरल्यावर. चूक दिसते, पण तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे दोन वर्षं संसार दोघांचा आणि कागद एकाचेच. ब्रिटनच्या या व्हिशासाठी ३१ जानेवारी २०२४ पूर्वी दोन वर्षं एका छताखाली राहिल्याचं दाखवावं लागायचं. आता नातं किमान दोन वर्षांचं आणि लग्नासारखं टिकाऊ असावं लागतं. एकत्र राहता आलं नसेल तर त्याचं पटणारं कारण द्यायचं. याचा अर्थ बऱ्याच जणांनी ‘आता पुरावाच लागत नाही’ असा घेतलाय. तो साफ चुकीचा आहे.

गोडोलीत भाड्याने राहणारं एक जोडपं होतं. मुलगा ब्रिटिश नागरिक, आजीच्या आजारपणात इकडे येऊन राहिलेला. मुलगी कोरेगावची, शाळेत शिकवणारी. अडीच वर्षं एकत्र राहिले आणि मग तो परत गेला. अकरा-अकरा महिन्यांचे रजिस्टर केलेले करार होते, पण तिचं नाव एकावरही नाही. घरमालक म्हणाले होते, “पोलीस व्हेरिफिकेशनला तुमचं नातं काय सांगू?” लाइट बिल आणि गॅस मालकांच्या नावावर. तिचं आधार कार्ड आणि पासबुक कोरेगावच्या पत्त्यावर. त्यांनी फोटोंचा अल्बम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटची चारशे पानं जोडून अर्ज पाठवला. तो नामंजूर झाला आणि मग ती माझ्याकडे रडत आली.

मी तिला त्या घरातली जुनी कालनिर्णयं आणायला सांगितलं. दुधाचा हिशोब त्यावर असतो, कधी त्याच्या अक्षरात, कधी हिच्या. तो कुणाला पाठवायचा नव्हता, तारखा आठवायला हवा होता. कोऱ्या कागदावर चोवीस चौकोन आखले, एका महिन्याला एक, आणि शोधायला बसलो. त्याला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून हिची सही होती. निम्मं भाडं ती दर महिन्याला त्याला यूपीआयने पाठवायची, ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडलं. गोडोलीच्या पत्त्यावर तिच्या नावाने आलेली कुरिअरची पावती, शाळेला दिलेल्या रजेच्या अर्जावरचा पत्ता. सतरा चौकोन भरले. उरलेल्यांबद्दल तिने खरं काय ते लिहून दिलं. दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला.

म्हणून मी सगळ्यांना आधी चोवीस चौकोन आखायला लावते. एकाच महिन्याची दहा बिलं आणली तरी चौकोन एकच भरतो. अर्जाच्या महिनाभर आधी घाईघाईने उघडलेलं जोडखातं तर मला अजिबात आवडत नाही. त्यातून नातं दिसत नाही, अर्जाची तयारी तेवढी दिसते.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती मागे जाऊन पुसता येत नाही. कऱ्हाडकडची एक मुलगी आधी व्हिजिटर व्हिसावर जोडीदाराकडे जाऊन आली होती. त्या अर्जात एजंटने ‘मैत्रिणीकडे जाते’ असं लिहिलं होतं. घरच्यांना कळू नये आणि व्हिसा अडू नये म्हणून. दीड वर्षाने जोडीदाराचा अर्ज करताना तिने लिहिलं की नातं तीन वर्षांचं आहे. जुना अर्ज तिकडे जपून ठेवलेलाच असतो. दोन्ही समोरासमोर ठेवले की एक खोटा ठरतो. जाणूनबुजून फसवणूक केल्याचा ठपका बसला तर व्हिजिटर, विद्यार्थी, कामगार अशा व्हिशांसाठी दहा वर्षांची बंदी लागू शकते, आणि जोडीदाराच्या अर्जातही तो ठपका पाठ सोडत नाही. तिची फाईल अजून अडकलेली आहे. जुन्या अर्जात चुकीचं काही गेलं असेल तर नव्या अर्जात ते आपणहून सांगा. एजंटने लिहिलं हे कारण चालत नाही, कारण अर्जाखाली नाव तुमचं असतं.

‘आधी व्हिजिटरवर जाऊ, तिथेच बदलून घेऊ’ म्हणणाऱ्यांना एवढंच: व्हिजिटर व्हिसा तिथे राहून जोडीदाराच्या व्हिशात बदलता येत नाही. अर्ज इथूनच करायचा.

स्थायिक म्हणजे नागरिक किंवा कायम राहण्याचा परवाना असलेला. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेला मुलगा स्थायिक नसतो. त्याच्या जोडीदाराचा रस्ता वेगळा आणि फॉर्मही वेगळा.

पैशांचंही एकदा नीट समजून घ्या. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जाला वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न लागतं, पूर्वी १८,६०० होतं. ते तिकडच्या जोडीदाराचं. तुमचा साताऱ्यातला पगार त्यात धरत नाहीत. निव्वळ बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड, आणि तेही सहा महिने तुमच्या ताब्यात असलेले. काकांनी उसाच्या बिलाचे पैसे महिनाभर खात्यात ठेवायला दिले, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. उसने पैसे बचत होत नाहीत. याशिवाय आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेची फी, वर्षाला १,०३५ पौंड, तोही अर्जासोबतच भरायचा.

टीबी तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा, प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. कॅनडाचा ‘सलग बारा महिने एकत्र’ हा नियम ब्रिटनला लावू नका.

आता माझ्या कामातलं. वकिलाकडून केलेल्या प्रतिज्ञापत्रात ‘हे दोघे पती-पत्नी म्हणून राहतात’ असं हमखास असतं. अर्जात तुम्ही अविवाहित, प्रतिज्ञापत्रात पती-पत्नी. भाषांतरात मी ते बदलू शकत नाही आणि बदलणारही नाही. सही करण्याआधी ‘विवाह झालेला नाही, परंतु जोडीदार म्हणून एकत्र राहतात’ असं लिहून घ्या. भाषांतराखाली भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवाच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने मोबाइलवर केलेलं भाषांतर चालत नाही, आणि ते दुरुस्त करायला मला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो.

काही जणांना लग्नाचा पर्यायच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं, त्यामुळे इथल्या दोन मुलांना किंवा दोन मुलींना बहुधा हाच मार्ग उरतो. गेल्या पावसाळ्यात असे दोघे आले. भाडेकरारावर दोघांची नावं होती, पण मालकाच्या लेखी ते रूममेट. पत्त्याचा पुरावा भक्कम आणि नात्याचा शून्य. मी म्हटलं, कसे भेटलात, आजारपणात कोणी काय केलं, पुढे काय ठरवलंय, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. त्यातला धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, सगळं लिहायचं? गावात कळलं तर?”

मी त्याला कपाट दाखवलं. फायली तिथे असतात आणि किल्ली माझ्याकडेच असते. चार दिवसांनी तो अकरा पानं लिहून घेऊन आला.